कॅल्क्युलेटरवर दहा आकडे आले म्हणून दहाही खरे नसतात

पावसाळ्यात तापीला पाणी आलं की भुसावळ-जळगावकडच्या ग्रुपांवर हतनूर धरणाचे मेसेज फिरायला लागतात, ४१ पैकी इतके दरवाजे उघडले, इतका विसर्ग चालू, नदीकाठच्यांनी सावध राहा वगैरे. समजा त्यात आकडा आला १,०५,९४४ क्युसेक. आता जरा थांबून या आकड्याकडे बघा. वरचे एक लाख पाच हजार ठीक, पण शेवटचे ते ४४ क्युसेक कोणी मोजले भो? एवढ्या पुरात, दरवाज्यातून फेसाळत पाणी पडतंय, तिथे सेकंदाला ४४ घनफूट इकडं की तिकडं हे कोणालाच कळणार नाही. कोणी खोटं बोलत नाहीये, फक्त झालंय असं की विसर्ग ठरवताना आकडा होता ३,००० क्युमेक, म्हणजे सेकंदाला ३,००० घनमीटर, आणि तो पण धरणाची पातळी न दरवाजा किती उघडला यावरून सूत्राने काढलेला अंदाज. मग कोणीतरी त्याला ३५.३१४७ ने गुणलं, कारण एका क्युमेकचे तेवढे क्युसेक होतात, आणि कॅल्क्युलेटरने सांगितलं १०५९४४.१, ते जसंच्या तसं पुढे गेलं. जो आकडा मुळात "साधारण तीन हजार" होता तो फक्त युनिट बदलल्यामुळे एकदम क्युसेकपर्यंत अचूक दिसायला लागला. माहिती काडीचीही वाढली नाही, फक्त आकडे वाढले.

असाच एक आकडा सगळ्यांच्या घरात आहे, अंगाचं नॉर्मल तापमान ९८.६ फॅरनहाइट. १८६८ मध्ये वुंडरलिख नावाच्या जर्मन डॉक्टरने भरपूर पेशंटची तापमानं घेऊन सरासरी ३७ सेल्सिअस सांगितली. माणसामाणसात, सकाळ-संध्याकाळी ते बदलतं, त्यामुळे ३७ हा ढोबळच आकडा. त्याचं फॅरनहाइट केलं की ९८.६ येतं आणि मग पॉइंट सहा बघून वाटतं की अरे हे किती बारीक मोजलंय, आणि ९८.९ आलं की आई लगेच कपाळाला हात लावून बघते.

तर सार्थक अंक म्हणजे काय, अकरावीच्या फिजिक्समध्ये पहिल्याच धड्यात जे येतं आणि पोरं पाच नियम पाठ करून विसरून जातात ते, त्याचा मुद्दा एवढाच आहे की मोजलेल्या आकड्यात किती आकडे आपल्याला खरोखर माहीत आहेत. त्यात जे पक्के माहीत ते सगळे, आणि शेवटचा एक ज्याच्याबद्दल थोडी शंका आहे तो, एवढेच लिहायचे. त्याच्या पुढचे लिहिले तर ते आपण मोजलेलेच नाहीत, नुसती शोभा.

जळगावच्या सराफ बाजारात हे नियम शिकवावे लागत नाहीत, तिथे काट्यावरच दिसतं. एक काटा १०.०० ग्रॅम दाखवतो, दुसरा जास्त बारीक काटा १०.००० दाखवतो. शाळेत शिकलो की दशांशानंतरच्या शेवटच्या शून्याला किंमत नाही, १०, १०.०० आणि १०.००० एकच. गणितात एकच, मोजमापात अजिबात एक नाही. पहिला काटा म्हणतोय की मी १० मिलिग्रॅमपर्यंत बघितलं, म्हणजे खरं वजन ९.९९५ ते १०.००५ च्या मध्ये कुठंतरी. दुसरा म्हणतोय मी एक मिलिग्रॅमपर्यंत बघितलं. हिशोबासाठी ग्रॅमला १०,००० रुपये भाव धरा, तर पहिल्या काट्याची शंका ५० रुपये अलीकडे-पलीकडे आणि दुसऱ्याची ५ रुपये. त्या एका शून्याची किंमत एवढी आहे, म्हणून ते शून्य सार्थक.

शून्याचंच सगळं लफडं आहे खरं तर, बाकी १ ते ९ आकडे आले की ते सार्थक, विषय संपला. दोन आकड्यांच्या मध्ये अडकलेलं शून्य पण सार्थक, ५०३ मध्ये तीन. पण ०.००४७ मध्ये सुरुवातीची शून्यं मोजायची नाहीत, ती फक्त दशांशचिन्ह कुठे बसवायचं ते सांगतात. पटत नसेल तर ०.००४७ किलो म्हणजेच ४.७ ग्रॅम, मोजमाप तेच, युनिट बदलल्याबरोबर शून्यं गायब, म्हणजे ती माहिती नव्हतीच. दोनच सार्थक अंक.

खरी अडचण ४,५०० सारख्या आकड्याची, दशांश नाही आणि शेवटी शून्यं. हे कोणी मोजून ४,५०० आणलंय का "असेल साडेचार हजार" म्हणून लिहिलंय, आकड्याकडे बघून कळतच नाही. यावर एव्हरेस्टची एक गोष्ट सांगतात. सर्व्हे खात्यातले गणिती राधानाथ सिकदार आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी सगळी गणितं केली तेव्हा उंची बरोब्बर २९,००० फूट आली म्हणे, आणि लोकांना वाटेल की यांनी अंदाजे ठोकून दिलंय म्हणून जाहीर करताना त्यात दोन फूट घातले. गोष्ट कितपत खरी ते सोडा, पण १८५६ ला जाहीर झालेला आकडा २९,००२ फूट होता हे खरं, आणि शेवटच्या शून्यांवर लोक विश्वास ठेवत नाहीत हेही खरं. विज्ञानवाले यातून मार्ग काढतात तो असा, की आकडा १० च्या घातात लिहायचा, ४.५ गुणिले १० चा तिसरा घात लिहिलं तर दोनच अंक माहीत, ४.५०० लिहिलं तर चारही माहीत. शंका संपली.

आपल्याकडे सातबाऱ्यावर पण हीच युक्ती आहे, कोणी लक्ष देत नाही एवढंच. क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात, म्हणजे ०.८१.००. शेवटची दोन शून्यं सांगतात की नोंद चौरस मीटरपर्यंत आहे. आता तोच ०.८१ हेक्टर मोबाईलवर टाकून एकर काढा, २.००१५५३५९ एकर येईल. बांधावर बसून याला काय म्हणायचं? दोन एकर. शेवटच्या त्या ५३५९ चं क्षेत्र काढायला गेलात तर ०.००००५३५९ एकर म्हणजे सव्वादोन चौरस फुटांच्या आसपास. बांधाचा एक दगड सरकला की एवढी जमीन इकडची तिकडे होते, आणि त्यावरून भावकीत केस चालू शकते तो भाग वेगळा.

आता गुणाकार-भागाकार. नियम असा की ज्या मापात सगळ्यात कमी सार्थक अंक तेवढेच उत्तरात ठेवायचे. यावलकडची एक विहीर घ्या, टेपने व्यास मोजला ६.१ मीटर, दोरी सोडून पाणी मोजलं ४.३ मीटर. घनफळ म्हणजे पाय (π) च्या पावपटीला व्यासाच्या वर्गाने आणि खोलीने गुणायचं, कॅल्क्युलेटर म्हणतो १२५.६६६ घनमीटर, म्हणजे १,२५,६६६ लिटर. हे ऐकून गावातला कोणीही म्हातारा विचारेल, "त्या ६६६ लिटर तू मोजी ऊना का रे भाऊ?" आणि त्याचं म्हणणं गणिताने सिद्ध करता येतं. ६.१ म्हणजे खरा व्यास ६.०५ ते ६.१५ मधला काहीही, ४.३ म्हणजे ४.२५ ते ४.३५. दोन्ही कमीत कमी धरले तर १,२२,००० लिटर, दोन्ही जास्तीत जास्त धरले तर १,२९,०००. सात हजार लिटरची तफावत आहे आणि आपण ६६६ सांगतोय. यात पाय ३.१४१५९ घ्यायचा का २२/७ यावर पोरं भांडतात, २२/७ ने १,२५,७१७ येतात, फरक ५० लिटरचा, जो या सात हजारात कुठे दिसणारही नाही. २२/७ पहिले तीन अंक बरोबर देतं, ३.१४, आणि टेपने मोजलेल्या विहिरीला तेवढं भरपूर आहे.

इथे एक प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे जे पुस्तकं सांगत नाहीत. नियमाने दोन सार्थक अंक ठेवले तर उत्तर येतं १,३०,००० लिटर, आणि आपण आत्ताच बघितलं की पाणी फार तर १,२९,००० असू शकतं! म्हणजे नियम पाळला तर उत्तर थोडं बाहेरच पडलं. म्हणून सार्थक अंकांचा नियम हा कामचलाऊ नियम आहे, देवाचा शब्द नाही. खरी शंका किती ते सांगायचं असेल तर "१,२५,००० लिटर, तीन-चार हजार इकडे तिकडे" असं सांगणं जास्त चांगलं, लॅबमधले लोक अधिक-उणे लिहितात ते यासाठीच. परीक्षेत मात्र नियमानेच लिहा, मार्क तिथेच आहेत.

बेरीज-वजाबाकीला वेगळा नियम आहे आणि इथे पोरं हमखास गंडतात, कारण ते इथेही सार्थक अंक मोजत बसतात. इथे अंक मोजायचे नाहीत, जागा बघायची. रावेरला केळीची गाडी भुईकाट्यावर चढवली, काटा १० किलोच्या टप्प्याने दाखवतो, भरलेली गाडी १६,४३० किलो. त्यात कोणी १२.५ किलोचं पोतं टाकलं जे छोट्या काट्यावर नीट मोजलंय. बेरीज १६,४४२.५ लिहू नका, मोठ्या काट्याला एकक किलोच माहीत नाहीत तर अर्धा किलो कुठून आणणार, १६,४४० लिहा. सगळ्यात ढोबळ माप ज्या जागेपर्यंत जातं तिथपर्यंतच उत्तर.

रिकामी गाडी ६,५९० आली तर माल ९,८४० किलो. घड मोजले ५२०. एका घडाचं सरासरी वजन कॅल्क्युलेटर म्हणतो १८.९२३०७६९. आता ५२० मध्ये किती सार्थक अंक? प्रश्नच चुकीचा, कारण घड मोजलेत, मापलेले नाहीत, ५२० म्हणजे बरोब्बर ५२०, साडे पाचशे एकोणीस घड नसतो. मोजणीचे आकडे, आणि व्याख्येने ठरलेले, जसं १ मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर, हे पूर्ण अचूक, त्यांच्यामुळे उत्तराचे अंक कमी होत नाहीत. ९,८४० मध्ये तीन अंक माहीत, म्हणून १८.९ किलो. संपलं.

वजाबाकीबद्दल अजून एक, कारण यात भांडणं होतात. तीच गाडी पुढे दुसऱ्या काट्यावर १६,३९० भरली, ४० किलोचा फरक, मग ड्रायव्हरवर संशय. दोन्ही वजनं चार-चार अंकांची भारी दिसतात पण वजा केल्यावर हातात उरतं ४०, ज्यात एकच अंक आणि तोही डळमळीत, कारण प्रत्येक काट्याची नुसत्या वाचनाची शंका ५ किलो, दोघांची मिळून १० पर्यंत जाते, वर वाटेत जळालेलं डिझेल आहे आणि काटे एकमेकांशी जुळवलेले आहेत का ते वेगळंच. दोन मोठे आणि जवळपास सारखे आकडे वजा केले की अचूकपणा असा पटकन उडून जातो, हे कॉम्प्युटरच्या गणितात पण मोठं दुखणं आहे.

आता राउंड करणं. ४ किंवा खाली असेल तर सोडा, ६ किंवा वर असेल तर एक वाढवा, यात वाद नाही. वाद आहे बरोब्बर ५ चा. शाळेत शिकवलं ५ आला की वर. पण बघा, ०.५, १.५, २.५, ३.५ यांची बेरीज ८. सगळे वर ढकलले तर १, २, ३, ४, बेरीज १०. दोन फुकटचे वाढले. म्हणून दुसरी पद्धत अशी, की पाच बरोब्बर मध्ये आला तर जवळच्या सम आकड्याकडे जायचं, मग ०, २, २, ४, बेरीज ८, जिथल्या तिथे. भारतीय मानक आयएस २ मध्ये ही सम आकड्याची पद्धतच दिलेली आहे, सिमेंट असो की पाईप, बहुतेक भारतीय मानकांच्या सुरुवातीला "आकडे आयएस २ प्रमाणे राउंड करावे" अशा अर्थाची ओळ असते. पायथॉन शिकणाऱ्या पोरांना म्हणून धक्का बसतो, राउंड २.५ केलं की २ येतं, आणि एक्सेल मात्र ३ देतं. कोणाचंच चुकलेलं नाही, दोघांचे नियम वेगळे.

पण याहून वाईट म्हणजे राउंड न करता शेपूट नुसतं कापून टाकणं. दुधाच्या डेअरीत विचार करा, मशीन फॅट ३.४८ दाखवतं आणि दराचा तक्ता ३.४, ३.५ असा एक-एक पॉइंटचा. राउंड केलं तर ३.५, नुसतं शेपूट कापलं तर ३.४. एका दिवसाचा फरक किरकोळ. पण राउंड करण्यात कधी वर जातं कधी खाली, महिन्याभरात बरंचसं फिटतं, कापण्यात मात्र प्रत्येक वेळी खालीच जातं, सरासरी जवळपास अर्धा पॉइंट, आणि तो नेहमी दूधवाल्याच्याच खिशातून. तुमच्या तक्त्यात कसं करतात ते एकदा विचारून घ्या.

कॅनडात व्हँकुव्हरच्या शेअर बाजारात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १९८२ च्या जानेवारीत त्यांनी इंडेक्स १०००.००० वर सुरू केला, दर व्यवहाराला नवीन आकडा काढायचा आणि तीन दशांशानंतरचं कापून टाकायचं. दिवसाला हजारो वेळा. बाजार बरा चालू असताना इंडेक्स आपला घसरतोय, १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये ५२४.८११ वर आला. नीट हिशोब केल्यावर खरा आकडा निघाला १०९८.८९२. नुसत्या चौथ्या दशांशाच्या कापाकापीने अर्धा बाजार खाल्ला. आणि १९९१ ची गोष्ट तर जिवावरची, आखाती युद्धात २५ फेब्रुवारीला सौदीत दहरानला अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेला येणारं क्षेपणास्त्र अडवता आलं नाही, २८ सैनिक गेले. यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायची आणि ०.१ हा आकडा कॉम्प्युटरच्या ०-१ च्या भाषेत संपतच नाही, आपल्याकडे १ भागिले ३ संपत नाही तसा, म्हणून २४ बिटवर कापलेला. यंत्र १०० तास सलग चालू होतं, चूक साचत साचत ०.३४ सेकंदावर गेली, आणि तेवढ्यात ते क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरच्या पुढे सरकतं.

म्हणून मधल्या पायऱ्यांवर राउंड करू नका, शेवटी आणि एकदाच करा. वहीत हाताने करत असाल तर मध्ये एक-दोन अंक जास्तीचे ठेवा. दोनदा राउंड केलं की काय होतं बघा, २.४४९ ला आधी २.४५ केलं, मग कोणीतरी दुसऱ्याने त्याला २.५ केलं. सरळ एका दशांशावर आणलं असतं तर २.४. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना प्रत्येकजण थोडं थोडं राउंड करतो तेव्हा हे असंच होतं.

आणि दरवेळी जवळच्या आकड्यालाच जायचं असंही नाही, काम काय आहे ते बघावं लागतं. ठिबकच्या लॅटरलची, म्हणजे नळीची, ७.२ बंडलं लागणार तर नियमाने ७, पण शेवटच्या ओळी कोरड्या ठेवायच्या आहेत का, ८ च आणावी लागतात. उलट बाजू दागिन्यावर आहे. २२ कॅरेट म्हणजे २४ भागात २२ भाग सोनं, हजारात ९१६.६६, राउंड केलं तर ९१७ व्हायला पाहिजे, पण शिक्का ९१६ चा. कारण तो आकडा कमीत कमी शुद्धतेची हमी आहे, आणि हमी देताना वर राउंड केलं तर जे नाही ते दिल्यासारखं होतं. करात सरकारने आपले नियम ठरवून टाकलेत, जीएसटीत कराची रक्कम जवळच्या रुपयाला, ५० पैसे किंवा जास्त असतील तर वर. नाहीतरी २५ पैशांचं नाणं २०११ च्या जूनअखेर बंदच झालं, आता पैशांपर्यंतचा हिशोब फक्त बिलावर आणि फोन-पेमेंटमध्ये उरलाय.

जाता जाता एक्सेलवाल्यांसाठी, कारण दुकानदार मंडळी यातच अडकतात. सेलचा फॉरमॅट बदलून दोन दशांश केले म्हणजे आकडा राउंड झाला असं नाही, तो फक्त दिसतो तसा, आत पूर्ण शेपूट शिल्लक असतं. तीन ओळींत प्रत्येकी १०.३३३ असेल तर दिसणार १०.३३, १०.३३, १०.३३ आणि खाली बेरीज ३१.००. गिऱ्हाईक हाताने बेरीज करतो, ३०.९९ येतात, आणि म्हणतो एक पैसा जास्त लावला. प्रत्येक ओळीलाच राउंडचं फंक्शन लावा, मग बेरीज पण ३०.९९ येईल, आणि त्याच्या खाली "राउंड ऑफ ०.०१" अशी वेगळी ओळ टाकून ३१ करा.